फॅटी लिव्हर ग्रेड टू: सात वर्षं फाईलमध्ये पडून राहिलेली ओळ

हळदीगंध (सांगली)

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको करत होते.

आमच्या अण्णांचं वय ६१. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सगळी नोकरी झाली. माळकरी आहेत, आयुष्यात दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही. मधुमेह मात्र चौदा वर्षांपासून. गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या आदल्या दिवशी जिना चढताना त्यांना धाप लागली. पोट गच्च वाटत होतं, ढेकर येत होते. छातीत दुखलं नाही, हात भरून आला नाही. फराळाच्या तेलकटाने पित्त झालं असेल असं आम्हीही म्हणालो आणि दवाखान्यातूनही पित्ताचंच औषध मिळालं. तिसऱ्या दिवशी घाम फुटला तेव्हा मिरजेला नेलं. ईसीजी, मग अँजिओग्राफी, दोन स्टेंट. वाचले.

आता मुद्द्याचं. डिस्चार्जनंतर जुन्या रिपोर्टांची फाईल लावायला घेतली. २०१९ मध्ये मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली होती. खड्याचं वर ठळक लिहिलेलं आणि खाली एक ओळ: ग्रेड टू फॅटी लिव्हर. तो कागद चार घड्या घालून फाईलच्या अगदी तळाशी होता. बाकी एकाही कागदाला घडी नाही. वजनकाट्यावरचा माणूस, कागद जपण्याची सवय.

मी विचारलं. बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तेव्हा एकाला दाखवला होता गं. त्याने रिपोर्ट वाचला आणि म्हणाला, अण्णा, गुपचूप घेता की काय? भजनात बसणाऱ्या माणसाला असं कोणी म्हणालं तर काय करायचं? ठेवून दिला." एवढंच नाही. २०२२ मध्ये कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली होती, तीही त्यांनी बंद केली, कारण कोणीतरी सांगितलं की तिचा लिव्हरवर लोड येतो. आधीच लिव्हरचं नाव निघालेलं, त्यात आणखी नको, असा त्यांचा हिशेब.

माझा प्रश्न: त्या ओळीचा आणि दिवाळीत जे झालं त्याचा काही संबंध आहे का? हृदयाचे डॉक्टर लिव्हरचं विशेष बोलले नाहीत. साखर बघणाऱ्या डॉक्टरांना ती सोनोग्राफी कधी दाखवलीच नव्हती. मला कोणाला दोष द्यायचा नाही. माहिती हवी आहे.

---

वाईची_सून

ताई, अण्णा सुखरूप आहेत हे आधी बरं वाटलं. लिव्हर म्हणजे दारू हे समीकरण आमच्या सासूबाईंनीही सोसलंय. बायकांना तर आणखी वेगळ्या नजरेनं बघतात. त्यांचं सविस्तर नंतर लिहिते, आत्ता स्वयंपाक आहे.

---

जुना_स्टेथो (कराड, निवृत्त फिजिशियन)

संबंध आहे. आणि तो दूरचा नाही.

आधी नावाचं सांगतो, कारण तुमच्या अण्णांचं दुखणं नावातच अडकलं. या आजाराला पूर्वी इंग्रजीत 'दारू न पिणाऱ्यांचा फॅटी लिव्हर' अशा अर्थाचं नाव होतं. म्हणजे नाकारण्यासाठी का होईना, दारू नावात होतीच. २०२३ मध्ये जगभरच्या यकृत संघटनांनी ते बदललं. आता त्याला मॅसल्ड म्हणतात, अर्थ साधारण 'चयापचय बिघडल्याने यकृतात साठलेली चरबी'. टाइप टू मधुमेहातल्या निम्म्याहून अधिक लोकांना हा असतो. त्यांतले बहुसंख्य दारूला शिवलेलेही नसतात. अण्णांना हे माझ्या नावाने सांगा.

आता यंत्रणा. सांगलीकरांना शीतगृहं माहीत आहेत, म्हणून तसं सांगतो. यकृत हे शरीराचं गोदाम. जेवण झालं की साखर आत घ्यायची, उपाशी असताना थोडी थोडी बाहेर सोडायची. इन्सुलिन हा गोदामाचा मुकादम: "आता पुरे, बाहेर सोडू नका" हे तो सांगतो. टाइप टू मध्ये मुकादमाचं कोणी ऐकत नाही. रात्रभर साखर सोडणं चालूच राहतं, म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर चढलेली दिसते. पण त्याच वेळी त्याच यकृतात चरबी बनवण्याचं काम मात्र थांबत नाही. गोदाम भरतं. भरलेला माल कुठेतरी जायला हवा, तर तो ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, गाड्या भरभरून रक्तात सोडला जातो. या गाड्या रस्त्यात असताना चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, घटतं आणि वाईट कोलेस्टेरॉलचे, म्हणजे एलडीएलचे, कण बारीक, घट्ट होतात. बारीक कण रक्तवाहिनीच्या अस्तरात सहज घुसतात. म्हणून एलडीएलचा आकडा बरा दिसूनही नळ्या खराब होत राहतात.

दुसरं म्हणजे सुजेचं. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन यकृतातच बनतं. शरीरातली सूज मोजायला आपण ज्याची तपासणी करतो ते सीआरपीही यकृतच बनवतं. यकृत चिडलेलं असलं की ही दोन्ही वाढतात. आत गाळ जमलेला, अस्तर सुजलेलं आणि रक्त गोठायला उतावीळ, मग हृदयविकाराच्या झटक्याला आणखी काय लागतं?

फॅटी लिव्हरचे रुग्ण शेवटी कशाने दगावतात हे पाहिलं तर पहिलं कारण यकृत नाही. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हे आहे. माझ्या प्रॅक्टिसची पहिली वीस वर्षं मीही सोनोग्राफीतली ती ओळ वाचून "सगळ्यांनाच असतं" म्हणून कागद परत दिला आहे. त्याची आज खंत वाटते.

छातीत न दुखण्याचं: जुन्या मधुमेहात संवेदना वाहणाऱ्या नसा बोथट होतात, त्यामुळे झटका धाप, घाम, मळमळ, पोट गच्च या वेशात येतो. चाळिशीपुढच्या मधुमेही माणसाला 'पित्त' झालं आणि सोबत धाप किंवा घाम असेल तर आधी ईसीजी. एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

---

माणदेशी_पोरगा

डॉक्टरसाहेब, लई सोप्या भाषेत सांगितलंत. माझं वय ३४, वजन ५८, अंगावर मांस न्हाई. दोन वर्षांमागं शुगर निघाली. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन. मी म्हटलं मशीन चुकलं आसंल. बारीक माणसाला चरबी कुठनं?

---

जुना_स्टेथो

मशीन चुकलेलं नाही. आपल्याकडे हे पुष्कळ दिसतं. हातपाय काडीसारखे आणि पोटाला मात्र घेर. काट्यावर उभं राहण्यापेक्षा टेप लावा, बेंबीच्या पातळीला. आपल्या लोकांसाठी पुरुषात ९० सेंटीमीटर आणि बाईत ८० च्या वर गेलं की धोका धरायचा. तुमचं किती भरतं ते कळवा.

---

माणदेशी_पोरगा

९३ भरलं. आय म्हणत हुती पोट सुटलंय, मी ऐकत न्हवतो.

---

प्रश्नचिन्ह

धागा चांगला आहे, पण एक शंका मांडतो. ज्याला मधुमेह आहे, पोट आहे, ट्रायग्लिसराइड वाढलेलं आहे, त्याला हृदयविकार होणारच की. त्यालाच फॅटी लिव्हरही असतो. मग यकृतामुळे हृदय बिघडलं असं कसं म्हणायचं? दोन्ही एकाच मुळाची फळं असतील.

---

जुना_स्टेथो

शंका रास्त आहे आणि तज्ज्ञांतही ती आहे. मुळं बरीचशी एकच आहेत, हे मान्य. पण तेवढ्यावर भागत नाही.

२०२१ मध्ये ३६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ५८ लाखांवर लोक होते. फॅटी लिव्हर असलेल्यांना हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका साधारण दीडपट भरला, आणि वय, वजन, मधुमेह वगैरेंचा हिशेब वजा केल्यावरही तो उरला. यकृतात व्रण, म्हणजे सुजेनंतर उरणारे कडक वळ, जितके जास्त तितका धोका मोठा, हेही दिसलं. एकाच मुळाची दोन फळं असती तर एकाच्या आकाराप्रमाणे दुसरं इतकं वाढतं का, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचा अभ्यास कोरियातला आहे, २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. २००९ साली राष्ट्रीय तपासणी झालेल्या ७७ लाखांहून अधिक लोकांचा माग काढला, त्यात पाच लाखांवर टाइप टू मधुमेही होते. म्हणजे तुलना मधुमेहीची मधुमेहीशीच. फॅटी लिव्हर नसलेल्या मधुमेहीपेक्षा तो असलेल्या मधुमेहीला हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांचा धोका जास्त निघाला. सौम्य गटातसुद्धा. माझ्यासाठी 'सौम्य गटातसुद्धा' हेच त्यातलं सार आहे, कारण ग्रेड वन म्हटलं की आपण कागद बाजूला ठेवतो.

मर्यादाही सांगतो. तिथे सोनोग्राफी केलेली नव्हती. वजन-उंचीचं प्रमाण, कंबर, ट्रायग्लिसराइड आणि जीजीटी हे यकृताचं एंझाइम, या चार आकड्यांवरून यकृतातल्या चरबीचा अंदाज बांधला होता. त्यातले तीन आकडे हृदयाशीही संबंधित. म्हणून मी 'यकृतानेच केलं' असं छातीठोक म्हणणार नाही. 'यकृतात चरबी दिसली की हृदय तपासायला घ्या' असं मात्र छातीठोक म्हणेन.

---

प्रश्नचिन्ह

समाधान झालं. मर्यादा सांगितल्यात त्यामुळे जास्त पटलं.

---

लॅबवाली_मिरज

हळदीगंध ताई, सोनोग्राफीतला ग्रेड फक्त चरबी किती ते सांगतो. व्रण पडलेत का, यकृत कडक होतंय का, हे त्यातून कळत नाही. आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींतून रक्तात येणारं एंझाइम, नॉर्मल आली म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, व्रण असूनही ती नॉर्मल असू शकते. त्यासाठी एक साधा हिशेब आहे, फिब-फोर नावाचा. वेगळं रक्त द्यावं लागत नाही. वय, एसजीओटी (तसंच दुसरं एंझाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट, हे चार आकडे तुमच्या जुन्या रिपोर्टातच असतात.

वय गुणिले एसजीओटी. मग फक्त एसजीपीटीचं वर्गमूळ काढायचं, त्याला प्लेटलेटने गुणायचं आणि जे येईल त्याने आधीच्या गुणाकाराला भागायचं. प्लेटलेट आपल्याकडे लाखात लिहितात, इथे हजारात घ्यायच्या, म्हणजे २.१ लाख असेल तर २१०. उत्तर १.३ च्या खाली आलं तर व्रणांची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेलं तर जास्त. मधलं आलं तर पुढची तपासणी. पासष्टीच्या पुढे खालची रेघ १.३ ऐवजी २ धरतात.

२०१९ चे आकडे असतील तर टाका. आणि हो, दिवाळीत अ‍ॅडमिट होते त्या दिवसांचा रिपोर्ट यासाठी वापरू नका. एसजीओटी हृदयाच्या स्नायूतूनही येते, झटक्यात ती वाढलेली असते. हिशेब चुकेल.

---

हळदीगंध

ताई, फाईल घेऊनच बसले आहे. २०१९: वय ५४, एसजीओटी ३८, एसजीपीटी ४४, प्लेटलेट २.१ लाख. यंदा फेब्रुवारीत: वय ६१, एसजीओटी ४८, एसजीपीटी ५२, प्लेटलेट १.६२ लाख.

---

लॅबवाली_मिरज

२०१९ चं १.४७ येतं. फेब्रुवारीचं २.५.

दोन्ही मधल्या पट्ट्यात आहेत, पण दुसरं वरच्या रेघेच्या अगदी जवळ. घाबरू नका, हा आजाराचा निकाल नाही, पुढे तपासायची चिठ्ठी आहे. फायब्रोस्कॅन करून घ्या, त्यात यकृत किती कडक आहे ते मोजतात. सोनोग्राफीसारखंच बाहेरून करतात, दुखत नाही. आधी तीन तास पोटात काही नको, जेवण झालेलं असेल तर यकृत उगाच कडक दिसतं.

---

हळदीगंध

२०१९ मध्येच १.३ च्या वर होतं म्हणजे. चार आकडे घरातच होते.

---

लॅबवाली_मिरज

ताई, आम्ही रोज शेकडो रिपोर्ट छापतो. एसजीओटी एका पानावर, प्लेटलेट दुसऱ्या पानावर. त्यांना एकत्र कोणी आणत नाही. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. तुमचा धागा वाचल्यापासून मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विचारलंय, मधुमेहींच्या रिपोर्टखाली हा हिशेब आपणच छापून देऊ या का. त्या हो म्हणाल्यात.

---

द्राक्षबाग (तासगाव)

आमच्याकडे पाहुणा आला की बेदाण्याची वाटी पुढे येते. 'नैसर्गिक साखर आहे, काही होत नाही' असं मी स्वतः लोकांना सांगत आलोय. आईला मधुमेह, तीही मूठभर खाते. हे धरून यकृताच्या बाबतीत काय? आणि गूळ? आमच्या मार्केट यार्डात गुळाची पेठ एवढी मोठी, घरोघरी चहात साखरेऐवजी गूळ आलाय.

---

जुना_स्टेथो

तुम्ही पिकवणारे असून हे विचारलंत याचा आदर वाटतो.

शंभर ग्रॅम बेदाण्यात साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते. पाणी गेलं की द्राक्षातली साखर एकवटते, इतकंच. पाच-सहा दाणे वेगळे आणि मूठ वेगळी. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, थोडी खनिजं जास्त. यकृताला रंगाने फरक पडत नाही. साखर असो वा गूळ, निम्मा भाग फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृतालाच निस्तरावा लागतो, आणि गोदाम आधीच भरलेलं असेल तर त्याची तिथे चरबी होते. उसाचा रस, फळांचा रस, थंड पेयं यात तो घटाघटा जातो. अख्खं पेरू किंवा सफरचंद चावून खाल्लं तर तसं होत नाही, चोथा असतो आणि पोट भरतं.

यंदा अधिक महिना आला आहे. जावयांना अनारसे, धोंडे, तळण. सण करा. पण जावई मधुमेही असेल तर आग्रह करू नका, ही सासुरवाडीला विनंती.

---

काढेवाला

गुळवेलीचा रस रोज सकाळी घ्यावा. यकृत स्वच्छ होतं. हळदीच्या गोळ्याही मिळतात, सांगलीचीच हळद. घरचं औषध असताना गोळ्यांच्या मागे का?

---

जुना_स्टेथो

आपला हेतू चांगला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. कोविडच्या काळात गुळवेल रोज घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. सगळ्यांना होत नाही. पण ज्याचं यकृत आधीच आजारी, त्याने हा प्रयोग का करावा? हळदीचंही तसंच. भाजीतली हळद ठीक आहे. अर्क काढून तीव्र केलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यांच्या जोडीला काहीही घ्यायचं तर आधी आपल्या डॉक्टरांना सांगायचं.

उलट दिशेची चूक जास्त महाग पडते, तीच अण्णांची झाली. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, फॅटी लिव्हरमध्ये चालते. नुसती चालते असं नाही, या रुग्णांना तिची गरज सगळ्यात जास्त असते. एसजीपीटी थोडी वाढलेली आहे हे ती बंद करण्याचं कारण नाही. वरच्या मर्यादेच्या तिपटीहून पुढे गेली तर डॉक्टर विचार करतील. सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत पार निबर होणं, आणि तेही पोटात पाणी, कावीळ असं बिघडलेलं असेल तर गोष्ट वेगळी. अण्णांची गोळी पुन्हा सुरू झाली का?

---

हळदीगंध

हो, हॉस्पिटलातच सुरू केली. आता एलडीएल ६२ आहे. अण्णांनी तुमचं हे उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

---

वाईची_सून

आता सासूबाईंचं लिहिते. मधुमेह वीस वर्षांचा. फॅटी लिव्हर कधी झालं, त्याचं सिरॉसिस कधी झालं, आम्हाला समजलंच नाही. समजलं ते पायावर सूज आली तेव्हा. हृदय असेल म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. पंपिंग ६० टक्के, छान म्हणाले, पण हृदय नीट सैल होत नाही असंही लिहिलं होतं. म्हणजे आकुंचन चांगलं, पण भरताना ताठर. त्यामुळे धाप.

त्यात दोन गोष्टी अशा घडल्या की कोणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून सांगते. तीन महिन्यांची साखर, एचबीएवनसी, ६.१ आली. आम्ही पेढे वाटले. पण घरच्या मशीनवर दुपारची साखर २४० दिसायची. मग कळलं, सिरॉसिसमध्ये रक्तपेशी लवकर मरतात, रक्तही कमी असतं, त्यामुळे तो आकडा खोटा कमी येतो. दुसरं, पहाटे तीनला त्या घामाघूम सापडल्या, बोलणं बरळल्यासारखं. साखर ४८. रात्री जी साखर यकृताने पुरवायची ती त्याच्याकडे उरलीच नव्हती आणि गोळी मात्र जुन्याच मापात चालू होती. डॉक्टरांनी गोळी बदलली. तेव्हापासून रात्री झोपण्याआधी आणि पहाटे मशीन लावायची सवय लागली.

त्या गेल्या मार्चमध्ये गेल्या. शेवटी हृदयाची लयही बिघडली होती. मला त्यांच्या हातचं तिखट अजून आठवतं.

---

द्राक्षबाग (तासगाव)

वहिनी, वाईट वाटलं.

---

जुना_स्टेथो

ताई, तुम्ही दोन वाक्यांत जे लिहिलंत ते कित्येक तरुण डॉक्टरांनी वाचावं असं आहे.

ताठर हृदय आणि लयीचा बिघाड, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ही दोन्ही फॅटी लिव्हरसोबत जास्त दिसतात. हृदय म्हटलं की आपण फक्त ब्लॉकेज समजतो. इकोच्या रिपोर्टात 'डायस्टोलिक डिसफंक्शन' लिहिलेलं असेल तर ते फॅटी लिव्हरच्या ओळीशेजारी ठेवून वाचा. आणि हा रस्ता दुहेरी आहे. हृदय कमकुवत झालं की रक्त मागे तुंबतं, यकृत सुजतं, एंझाइम वाढतात, फायब्रोस्कॅनही खोटं कडक दाखवतं. म्हणून अण्णांचं स्कॅन करण्याआधी पायावर सूज नाही ना, एवढं बघा.

---

माणदेशी_पोरगा

डॉक्टरसाहेब, शुगरच्या गोळ्यांत काय बगायचं? मला मेटफॉर्मिन हाय फक्त.

---

जुना_स्टेथो

मेटफॉर्मिन साखरेसाठी चांगलं आहे, चालू ठेवा. यकृतातले व्रण त्याने सुधारत नाहीत, एवढं लक्षात असू द्या. बाकी गोळ्या तुमच्या डॉक्टरांनीच निवडायच्या. पण त्यांच्याशी बोलताना उपयोग होईल असं सांगतो.

पायोग्लिटाझोन यकृताला उपयोगी पडतं, पण शरीरात पाणी धरतं, म्हणून हृदय कमकुवत असेल तर देत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या हृदय निकामी होण्याचा धोका कमी करतात. सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन वजन, साखर, हृदय तिन्हीकडे कामी येतं. व्रण पडलेल्या पण सिरॉसिस न झालेल्या यकृतासाठीही अमेरिकेत त्याला ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडचं सारोग्लिटाझार २०२० पासून भारतात या आजारासाठी मान्य आहे. बघा, एकच गोळी यकृताच्या बाजूने आणि हृदयाच्या विरुद्ध असू शकते. म्हणूनच म्हणतो, दोन्ही डॉक्टरांसमोर एकच फाईल गेली पाहिजे.

तुमच्या वयात मात्र पहिलं औषध चालणं आणि ताटातला भात-भाकरीचा ढीग कमी करून उसळ, पालेभाजी वाढवणं. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी पाच टक्के उतरवलं तरी यकृतातली चरबी घटते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूज ओसरते. दहाच्या पुढे व्रणही माघार घेऊ शकतात. इतकं ऐकणारा दुसरा अवयव शरीरात क्वचित. आणि दारू कुणी घेत असेल तर अजिबात नको, 'थोडी चालते' हे या यकृताला लागू नाही.

---

आशा_ताई_खटाव

मी आशा कार्यकर्ती आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हर हा असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. आम्ही तिशीच्या पुढच्यांचा फॉर्म भरतो, कंबर मोजतो. पुरुष कंबर मोजू देत नाहीत, हसण्यावारी नेतात. आणि लिव्हरचं नाव काढलं की "आमच्यात कोणी पीत नाही" म्हणून दार लावतात. हळदीगंध ताई, तुमच्या अण्णांची गोष्ट नाव न घेता गावात सांगितली तर चालेल का?

---

हळदीगंध

अण्णांना विचारून सांगते.

---

हळदीगंध (बारा दिवसांनी)

फायब्रोस्कॅन झालं, मिरजेतच. ९.४ किलोपास्कल. डॉक्टर म्हणाले आठच्या खाली असतं तर बिनघोर राहता आलं असतं, हे मध्यम आहे, व्रण आहेत पण सिरॉसिस नाही. दिवाळीत वजन ७८ होतं, आता ७३. आणखी तीन किलो उतरवा म्हणाले. हृदयाचे आणि साखरेचे दोन्ही डॉक्टर आता एकमेकांची चिठ्ठी वाचतात, ती मीच हातात देते.

आशा ताई, अण्णा म्हणाले, नाव घेऊन सांगितलं तरी चालेल. मीच म्हटलं, नाव नको.

आता एक वेगळंच उभं राहिलंय. त्यांना वारीला जायचंय. कोविडची दोन वर्षं सोडली तर चौतीस वर्षं आळंदी ते पंढरपूर चुकलं नाही, गेल्या वर्षीही गेले. मी नाही म्हणू शकत नाही आणि हो म्हणताना पोटात गोळा येतो. अधिक जेठामुळे यंदा वारी उशिरा आहे, तयारीला वेळ आहे एवढंच.

---

जुना_स्टेथो

स्टेंटला आता सात-आठ महिने होतील, पंपिंग चांगलं असेल आणि टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, करून हृदयाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली तर थोडं अंतर चालायला हरकत नसावी. सगळी वारी नको. ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी चालू असेल तर चालण्याच्या आणि एकादशीच्या दिवसांसाठी मात्रा आधी ठरवून घ्या. पोट रिकामं, पाय चालू आणि यकृताचा साठा कच्चा, अशा वेळी साखर घसरते. उपवासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट, चढते आणि मग आपटते. शेंगदाणे, दही, राजगिरा बरं. अनवाणी एक पाऊलही नको, मधुमेहात पायाची जखम कळत नाही. खिशात साखरेची पुडी हवी.

---

नीराकाठ (लोणंद)

ताई, अण्णांना लोणंदला आणा. लोणंद ते तरडगाव हा टप्पा लहान आहे, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. वारीचं सुख त्यात येतं. आमचं घर पालखी तळापासून जवळ आहे, आदल्या रात्री मुक्कामाला या. माझ्या वडिलांनाही मधुमेह आहे, जेवणाचं वेगळं सांगावं लागणार नाही. तरडगावला मी मोटारसायकल घेऊन थांबतो, वाटेत कुठेही थकले तर फोन करायचा.

---

हळदीगंध

दादा, देव भेटला तुमच्या रूपाने. टीएमटी काल झाली, परवानगी मिळाली, फक्त लोणंद ते तरडगाव आणि सोबत कोणीतरी हवं या अटीवर. मी येते आहे. ग्लिमेपिराइड त्या दिवसापुरती निम्मी करायला सांगितली आहे. बूट घेतले, घरात घालून फिरतायत.

दिंडीत गळ्यात अडकवायला मी त्यांच्यासाठी कार्ड केलं. नाव, माझा फोन, मधुमेह, दोन स्टेंट, गोळ्यांची नावं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "लिव्हरचं का नाही लिहिलंस?"

लिहिलं. नीराकाठ दादा, आम्ही आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने पोचतो.